ग्रहणाचा सराव

आमच्या सरांना मराठीत इंग्रजी शब्द घुसलेला खपत नसे. शिकवायचे कॉलेजात पदार्थविज्ञान, पण शुद्ध मराठीचं वेड एखाद्या संस्कृतच्या पंडिताला लाजवील असं. बेळगावात आम्ही चार डोकी मिळून हौशी रेडिओचं मंडळ चालवत होतो. म्हणजे सरकारचा परवाना काढायचा, घरी जोडलेल्या यंत्रावर बसायचं आणि लांबच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, बहुतेक वेळा मोर्सच्या टिंब-रेघांत. नव्या माणसांसाठी सरांनी सायक्लोस्टाइल करून चार पानं काढली. त्यात ट्रान्समिशनला प्रक्षेपण, रिसेप्शनला ग्रहण आणि रिसीव्हरला ग्राही. दुसऱ्या पानावर ठळक ओळ होती: 'ग्रहणाचा सराव रोज अर्धा तास, न चुकता करावा. पहाटे केल्यास उत्तम.'

हे पान माझ्या नवऱ्यानं आमच्या शहापूरच्या घरी मागाशेजारच्या भिंतीवर खळीनं चिकटवलं. विणकराचं घर, खळीला काय तोटा. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसल्या की त्यांच्या बरोबर डोळ्यांसमोर ते पान यायचं. त्यांना अक्षर लावून लावून वाचता येत होतं. त्यांनी ते वाचलं, पण आम्हाला कधी काही विचारलं नाही.

हे उद्यमबागेत एका कारखान्यात फिटर होते आणि रेडिओचं खूळ त्यांनीच घरात आणलं. मी आपली शेजारी बसून ऐकायची. पण मला मोर्स ह्यांच्याआधी आली. माझं माहेर वडगावचं, लहानपण मागांच्या खडखडाटात गेलेलं. चार घरचे माग एकदम चालू असले तरी आमच्या आप्पांचा माग कुठला आणि त्यांचा धागा आत्ता तुटला, हे मला दुसऱ्या खोलीत बसून कळायचं. त्या मानानं टिंबं आणि रेघा म्हणजे पोरखेळ. परीक्षेला आम्ही दोघं गोव्याला गेलो. मी पास झाले आणि हे नापास. ते आपण मोठ्या मनानं घेतलं असं हे अजून सांगतात. बसमध्ये बेळगाव येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

तर मी रोज पहाटे कानांवर हेडफोन चढवून बसायची. त्याच सुमारास मला पहिल्यांदा दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात ते बाळ गेलं. आधी पोटातली हालचाल थांबली. एक दिवस मला वाटलं झोपलं असेल. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, कारण सांगता येत नाही.

डॉक्टरला सांगता आलं नाही ते कारण गल्लीला माहीत होतं. महिनाभरानं शेजारच्या आक्कांनी मला नळावर गाठून हळूच विचारलं, "तू रोज घरात ग्रहाण करतीस म्हणं? आणि पोटुशी असतानाबी केलंस?" मला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा घागर तिथंच टाकून मी घरात आले आणि भिंतीवरचं पान टराटरा फाडलं. इतका संताप आला होता, आणि त्यातच हसूही येत होतं, आणि हसता हसता मी खाली बसून रडायला लागले. पहाटे अंधारात कानाला तारा लावून सून रोज ग्रहण करते, तशी सरांची लेखी आज्ञाच आहे! गल्लीनं दुसरं काय समजावं?

मी आत्याबाईंना सांगितलं, "ते ग्रहण न्हवे ओ. ह्या ग्रहणाचा अर्थ घेणं. लांबनं आलेलं ऐकून घेणं."

त्या माग थांबवून म्हणाल्या, "घेणं म्हंजे घेणंच की गं. काय घेटलंस ते तुला तरी कुठं दिसतंय?"

तारेतून येणारं डोळ्यांना दिसत नाही हे खरंच होतं, आणि ते अंगातून आरपार जाताना काय करतं हे कोणाला ठाऊक? सरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, तुमच्या ग्राहीत येतात त्याच लहरी गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या अंगातून चोवीस तास जातात. मला ते पटलं. पण पटणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. ती माझ्या मनात जी शिरली ती घर करूनच बसली.

पुढची गोष्ट दोन-तीन वर्षांनंतरची, ऐंशी सालच्या त्या मोठ्या सूर्यग्रहणाची. शिवरात्र झाली की लगेच जी अमावास्या येते, त्या दिवशी दुपारी. अंकोला-कारवारकडं खग्रास आणि आमच्या बेळगावला सूर्याची बारीक कोर तेवढी उरणार होती. सरांच्या अंगात वारं संचारलं. आधीच्या दिवाळीतच त्यांनी बेत सांगितला. दिल्लीकडं अर्ज करून विशेष केंद्राची परवानगी घ्यायची. दोन ठिकाणी यंत्रं लावायची, एक तिकडं अंकोल्याला पूर्ण अंधारात आणि एक इकडं बेळगावजवळ. सूर्य झाकला की लहरी जास्त लांब जातात, ऱ्हास कमी होतो, ते आपण कानांनी ऐकायचं. आणि इकडचं केंद्र चालवायचं सूर्याच्या विजेवर. कॉलेजात प्रदर्शनासाठी एक सौर तावदान आलं होतं, ते सरांनी मागून घेतलं. काळ्या फळीवर निळ्या पुऱ्या मांडून ठेवाव्यात तसं ते दिसायचं.

हे म्हणाले, "सर, पण ग्रहणात सूर्यच न्हाय, मग वीज कुठली?"

"तेच तर बघायचं आहे," सर म्हणाले. "वीज कमी कमी होत जाईल आणि आवाज लांबून लांबून येत जाईल. गंमत आहे की नाही?"

मंडळातले चौथे आमचे अण्णा. तारखात्यात होते, मूळचे निपाणीचे. आईनं विड्या वळून शिकवलेलं. टिंब कसं निसटतं सोडायचं आणि रेघ कशी ओढायची हे मला अण्णांनी शिकवलं होतं. त्यांच्या घरच्यांनी दीक्षा घेतल्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती. त्या बैठकीत कोणीतरी ग्रहण पाळण्याचा विषय काढला तेव्हा अण्णा एकदम बोलले. "आमची आजी ग्रहाण लागलं की टोपली घिऊन पेठंतनं फिरायची. 'दे दान, सुटे गिराण' म्हणून वरडत. तुमची घरं भ्यायची आणि सुपानं जुंधळं घालायची. आमच्यात त्या दिवशी पोटभर व्हायचं. त्यामुळं मला काय ग्रहणाचं भ्या वाटत न्हाय. राग येतो."

सरांनी वाटणी केली. सर आणि अण्णा अंकोल्याला जाणार, अण्णा तिथून मोर्स पाठवणार. इकडं ऐकायला परवाना असलेला आणि कान असलेला माणूस एकच उरत होता, तो म्हणजे मी. मला तेव्हा तिसरा महिना होता. फक्त ह्यांना माहीत होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्याचाच मला राग आला. मी म्हटलं, "मी करते." हिशेब नंतर केला. माघाच्या अमावास्येला सातवा महिना येत होता.

माझा स्वभाव असा की एकदा हो म्हटलं की मागं फिरायचं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. पण आतून मी पार हादरले होते. जसजसा महिना जवळ आला तसतशा गल्लीतल्या बायका ओटीवर येऊन बसायला लागल्या. ग्रहणात पोटुशीनं चिरलं तर पोराचा ओठ चिरतो. बोट मुडपलं तर बोट मुडपलेलं निघतं. कानाला हात लावला तर कान. कोणाची तरी भाची, कोणाची तरी नणंद, प्रत्येकीचा दाखला तयार. मी त्यांना चहा करून द्यायची आणि वर एखादं तिरकं बोलायची. त्या गेल्या की न्हाणीत जाऊन स्वतःच्या बोटांकडं बघत उभी राहायची. मोर्सची चावी दाबायची म्हणजे बोट मुडपावंच लागतं.

आत्याबाईंनी मात्र जाऊ नको असं एकदाही म्हटलं नाही. आदल्या दिवशी पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पानं टाकत होत्या तेव्हा फक्त विचारलं, "जाणार?"

"जाणार."

"शनवार हाय. आमोशा हाय. वर ग्रहाण." एवढं म्हणून त्या पुढच्या भांड्याकडं वळल्या. सकाळी बघते तर ह्यांची बॅटरी भरण्याच्या शुद्ध पाण्याच्या बाटलीतसुद्धा तुळशीचं पान तरंगत होतं. हे कपाळाला हात लावून उभे. आणि दारात आत्याबाई, हातात पिशवी, पायात चप्पल. म्हणाल्या, "मीबी येतो. तुमास्नी यंत्र सांभाळायचं. हिला कोण सांभाळणार?" आयुष्यात ग्रहणात उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकलेली बाई. मी रागावून म्हटलं कशाला, पण खरं सांगते, मला धीर आला.

ह्यांच्या कारखान्याच्या टेम्पोनं आम्ही निघालो. शहरात मागांचा आणि वेल्डिंगचा खरखराट ग्राहीत इतका यायचा की काही ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून हिंडलग्याच्या पुढचा, शेतांपलीकडचा माळ निवडला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हिंडलग्यात एका घराचं दार किलकिलं झालं आणि आतून एक म्हातारा ओरडला, "अगं बाई, माघारी जा गं!" ते माझ्याकडं बघून होतं. कारागृहाच्या भिंतीजवळून जाताना आतला टोल पडला. त्या भिंतीपलीकडची माणसं तरी आज बिनघोर आत आहेत, असं काहीतरी मनात आलं.

टेम्पोवाल्यानं सामान उतरवलं. आभाळाकडं बघायचंसुद्धा टाळत होता. "ग्रहण बिट्ट म्याल बर्तीन्री," म्हणाला, म्हणजे ग्रहण सुटल्यावर येतो, आणि धुरळा उडवत पळाला. आता तो येईपर्यंत माळावर आम्ही तिघं, एक आंब्याचं झाड आणि ते सामान.

ह्यांनी झाडाला एक टोक आणि लांब रोवलेल्या वेळूला दुसरं टोक अशी तार ताणली. तावदान उन्हाकडं तोंड करून दगडाला टेकवलं. बॅटरी अर्धीच भरलेली होती, कारण चार्जिंगवाल्यानं ग्रहणाच्या धास्तीनं आदल्या दिवशीच दुकानाला कुलूप ठोकलं होतं. तरी ऊन कडक होतं आणि काटा चांगला वर होता. मी झाडाखाली सतरंजीवर बसले, यंत्र पुढ्यात, हेडफोन कानांवर. आत्याबाईंनी माझ्याभोवती दर्भाच्या काड्या टाकल्या. मी त्या तशाच राहू दिल्या.

अंकोल्याहून अण्णांचा हात लगेच ओळखू आला. प्रत्येकाची मोर्स वेगळी असते, चालण्यासारखी. अण्णांची रेघ जरा लांब, दमदार. मी उत्तर दिलं, त्यांनी पोच दिली, सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून पोटात काही हललेलं नाही.

पहाटे एकदा हललं होतं. एरवी मी बसले की ते हटकून लाथा मारायचं, जेवले की मारायचं. टेम्पोच्या धक्क्यांनी तर हलायलाच हवं होतं. मी पोटावर हात ठेवला. काही नाही. बाजू बदलली. घोटभर पाणी प्यायले. काही नाही. मागच्या खेपेची ती एक दिवसाची शांतता मला तंतोतंत आठवली, तोच जडपणा, तसाच. कोणाला सांगावं? हे वेळूला टेकू देत होते. वाहन नाही. शहरात कुठला दवाखाना उघडा नसणार. आणि सांगितलं की ते खरं होईल, असं मला वाटत होतं. मी हेडफोन आणखी घट्ट दाबले.

ग्रहण लागलं. ह्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांपुढं धरून बघितलं आणि म्हणाले, "लागलं." ऊन तसंच होतं, पण थोड्या वेळानं त्यातला जीव गेल्यासारखं झालं. पिवळं नाही, करडंही नाही, कधी न बघितलेलं ऊन. चिमण्या झाडावर आल्या आणि गप्प बसल्या. गार वारा सुटला. आंब्याच्या पानांतून जमिनीवर जे कवडसे पडायचे ते गोल राहिले नाहीत, सगळ्यांच्या बारीक बारीक कोरी झाल्या. आत्याबाईंच्या शहापुरी लुगड्यावर अशा शेकडो कोरी पसरल्या होत्या आणि वाऱ्यानं हलत होत्या. त्यांनी पदर उचलून बघितला.

"असली बुट्टी मी कवा काढली न्हाय," त्या पुटपुटल्या.

हे काट्याकडं बघून सांगत होते, "उतरला. अजून उतरला. आता निम्माबी न्हाय." मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आता पाठवू नगं. बॅटरी बसंल. शेवटाला पोच द्यायला ठिवायला पायजे. आता नुसतं ग्रहण." शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला. आत्याबाईंनी वर बघितलं, माझ्याकडं, मग आभाळाकडं, आणि तोंडाला पदर लावला.

ग्राहीत खरखर कमी होत गेली. घरातली माणसं एकेक करून झोपावीत तशी. आणि मागून, कुठून कुठून लांबून, बारीक शिट्ट्या वर यायला लागल्या. भरदुपारी कधी ऐकू न येणारी माणसं. कोणत्या देशातली कोणास ठाऊक, एकमेकांवर चढलेली टिंबं आणि रेघा. सर म्हणाले होते ते शब्दशः घडत होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी आनंदानं ओरडले असते. त्या दिवशी मला वाटलं, ही सगळी माझ्या अंगातून चालली आहेत, आणि आत कोणी असेल तर त्याच्याही अंगातून. असेल तर.

त्या सगळ्यांच्या मधून अण्णांचा हात. ठरल्याप्रमाणं एकच अक्षर, पुन्हा पुन्हा, तीन टिंबं आणि एक रेघ. तीन टिंबं आणि एक रेघ. खग्रास संपेपर्यंत ते अखंड चालू ठेवायचं होतं. मी त्या अक्षराला धरून बसले होते. रडू येत होतं आणि रडता येत नव्हतं, कारण नाक ओढलं तर एखादं टिंब निसटेल.

शेवटी मला ते सोसवेना. मी एका कानावरचा हेडफोन वर केला आणि म्हटलं, "आत्याबाई, पोर हालंना."

त्यांनी "ग्रहाण", "सांगितलं होतं" असलं काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "कवापास्नं?"

"पहाटेपास्नं."

त्या सरकत माझ्याजवळ आल्या. दर्भाच्या काड्या त्यांच्याच गुडघ्यांनी विस्कटल्या. मी हेडफोन काढायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. "काढू नगंस. तू तुझं ऐक, मी माझं ऐकतो. काय आलं तर बोटानं सांगतो. बोललो तर तुझं चुकंल." इतकी वर्षं मी पहाटे बसले असताना त्या खोलीत आल्या की मी हात वर करून त्यांना गप्प करायची. त्या रागावतात असं मला वाटायचं. त्यांनी ते शिकून घेतलं होतं.

त्यांनी डोक्यावरचा पदर मागं टाकला, माझ्या पोटावर कान ठेवला, उजव्या हातानं माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले. हे तावदानाजवळ उभे होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं असावं, कारण ते तिथंच मटकन खाली बसले.

उजेड आणखी गेला. हिंडलग्याच्या बाजूला कुत्री रडायला लागली. तीन टिंबं, एक रेघ. माझ्या मनगटावर आत्याबाईंचं बोट नुसतं टेकलेलं, हलत नव्हतं. तीन टिंबं, एक रेघ. बोट हलत नव्हतं. मी नवस बोलले. कोणकोणत्या देवाला बोलले ते आता सांगायची लाज वाटत नाही, जे आठवले त्या सगळ्यांना बोलले. परवाना परत करीन म्हटलं. हेडफोन तळ्यात फेकीन म्हटलं. ह्यापुढं कधी काही ऐकणार नाही, फक्त एवढं एक ऐकू दे.

आणि अण्णांचा हात थांबला.

तीन टिंबं झाली आणि रेघ आलीच नाही. मी वाट बघितली. काहीच नाही. लांबच्या शिट्ट्याही मला ऐकू येईनाशा झाल्या, का कोण जाणे. तिकडं काय झालं? अण्णांना काही झालं? न भिणाऱ्या माणसालाच काही झालं, असं वाटलं. कानांत नुसती पोकळी होती, मागच्या खेपेला पोटात होती तशीच.

त्या पोकळीत माझ्या मनगटावर टिचकी पडली.

एकच. इतकी हलकी की मला वाटलं आत्याबाईंचं बोट थरथरलं असेल. मी त्यांच्याकडं बघितलं. डोळे मिटलेलेच. मग पुन्हा एक. मग जरा वेळानं दोन, लागोपाठ. आणि ह्या वेळी ती टिचकी माझ्या मनगटावर आणि पोटात आतून एकदमच आली. मी तोंडावर हात दाबून धरला. माझ्या आसवांनी आत्याबाईंचे केस ओले होत होते आणि त्या कान न उचलता बोटानं मोजून मोजून मला सांगतच होत्या, एक, एक, दोन, एक.

अण्णांचा हात परत सुरू झाला. आता तो डगमगत होता, टिंबं एकमेकांवर आदळत होती. मग त्यांनी विचारलं, ऐकलं का? हे उठून आले, काटा बघितला आणि म्हणाले, "एकदाच. बारीक अक्षर दी." मोर्समध्ये मिळालं म्हणायला एकच अक्षर पुरतं: टिंब, रेघ, टिंब. मी बोट मुडपलं आणि ते पाठवलं. बॅटरीनं तेवढं सोडलं आणि मग आवाज रडका होऊन बंद पडली. तिकडं ते पोचलं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आत्याबाई उठून बसल्या. गालावर माझ्या लुगड्याच्या चुण्यांचा ठसा उमटला होता. "काय सांगितलंस त्यास्नी?"

"ग्रहण झालं म्हणून सांगितलं."

"झालं काय म्हणतीस? सुटलं म्हण गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका फुटला.

अण्णा परत आल्यावर मी विचारलं, मधेच का थांबलात? ते जरा ओशाळले. म्हणाले, "वर बघिटलं आणि हातच चालंना. काळा सूर्य आणि भवतीनं असा पांढरा झोत. आजी आठवली. तिनं टोपली घिऊन हे कवा वर मान करून बघिटलंच नसंल." एवढं सांगून ते तारेची गुंडाळी सोडवत बसले. माझ्याकडचं मी त्यांना सांगितलं नाही. सरांना तर अजिबात नाही. ते लहरींवर काहीतरी बोलले असते.

उन्हाळ्यात मी बाळंत झाले. आत्याबाई उशाशी होत्या. दाराबाहेर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या आणि त्या कशासाठी जमल्या आहेत हे मला माहीत होतं. बाळ रडलं, मोठ्यानं रडलं. डॉक्टरीणबाईंनी पुसून ते माझ्याकडं दिलं. मी त्याला खिडकीकडं उजेडात धरलं.

"काय बघतीस गं?" आत्याबाई म्हणाल्या. "मी ऐकलंय न्हवं तिला, तवाच?"

त्यांनी 'तिला' म्हटलेलं माझ्या कानांवरून गेलं. मी आधी ओठ बघितला, बोट फिरवून बघितला. मग दोन्ही कान. मग मुठी उघडून एकेक बोट सरळ केलं. आणि सगळं सगळं बघून झाल्यावर विचारलं, मुलगा की मुलगी?